बास्को

अग्राफेनाला पक्षाघाताचा झटका आल्यानंतर तिसऱ्या दिवशी वोलोग्दाच्या इस्पितळातल्या तरुण डॉक्टरने तैसियाला बाजूला घेतलं. "तुमच्या आईच्या बोलण्याला अर्थच उरलेला नाही. सकाळपासून खिडकीकडे बघून बास्को, बास्को असं काहीतरी बडबडतायत."

"अर्थ आहे," तैसिया म्हणाली. "आमच्या गावाकडे सुंदरला बास्को म्हणतात. बाहेर बर्फ पडतोय ना, ते बघून म्हणत असेल."

डॉक्टर ओशाळून हसला. तैसियाला मात्र हसू आलं नाही. तिने जन्मभर शाळेत शुद्ध रशियन शिकवली होती. आई गावाहून कायमची राहायला आली, तेव्हा पहिल्याच दिवशी तिने बजावलं होतं, "आई, मुलांसमोर तुझं ते गावंढळ बोलणं नको हं. त्यांनाही तेच वळण लागेल." तेव्हापासून अग्राफेना नातवंडांच्या डोक्यावरून नुसता हात फिरवायची. मुलांना वाटायचं, आजी अबोलच आहे.

तैसिया खाटेशी बसली. आईचा हात हातात घेतला. चाळीस वर्षांत जिभेवर न आलेली बोली तिने चाचरत जुळवली, "व्हय माय, लई बास्को पडतंया. आपल्या नदीवर बी आसंच पडलं आसंल."

अग्राफेनाने मान वळवली. लेकीकडे कितीतरी वेळ निरखून पाहिलं. मग तिचा चेहरा उजळला.

"कुन्या गावची गं तू, बाय?" तिने विचारलं. "माझी तैसिया ल्हान व्हती तवा अक्षी आसंच बोलायची."