टबाभोवतीच्या टाइल्स

मिस्त्रीने छिन्नी लावताच टबाभोवतीच्या टाइल्सची अख्खी ओळ सुटून हातात आली. मागची भिंत ओलीकच्च होती.

"कोणत्या शहाण्याने केलंय हे काम?"

खालच्या शेजाऱ्यांच्या गळतीच्या तक्रारी ऐकून आणि महिनाभर स्वयंपाकघरातल्या मोरीत अंघोळ उरकून कुमुदताई थकून गेल्या होत्या.

"मीच केलं," दारातून त्यांचे यजमान म्हणाले. "निवृत्तीनंतर शिकलो. हिचे गुडघे धरतात. गरम पाण्यात बसली की आराम पडेल म्हटलं."

कुमुदताई आजवर हा टब म्हणजे नवऱ्याची टूम समजत होत्या.

मिस्त्रीचा आवाज उतरला. "काका, टाइल्सच्या आधी भिंतीला वॉटरप्रूफिंग लागतं. स्टूल घेऊन बसा, दाखवतो."

यजमान वळायच्या आत कुमुदताईंनीच स्टूल आणून ठेवलं.

"या वेळी नीट शिकून घ्या," त्या म्हणाल्या.