पाटावरची मांडी

२००१ चा भाद्रपद लागला होता. छत्तीसगढच्या नव्या राजधानीत, चौबे कॉलनीतल्या घरात गोदावरीबाई पालथ्या झोपल्या होत्या आणि त्यांची सून सोनिया त्यांच्या घोट्यात अडकवलेलं जुनं लुगडं ओढत होती. मागे त्या जिन्यावरून पडल्या होत्या; प्लास्टर निघालं, पण गुडघा काही वाकेना.

"काहून थांबली? ओढ."

"झटका नहीं देना है, अम्माजी. धीरे धीरे. साँस छोड़िए."

"माहा श्वास मी पाहीन. तू ओढ."

सोनिया ओढत होती आणि आतल्या आत धुमसत होती. घरची रीत तिला पाठ होती. महालक्ष्म्यांपुढे पाटावर जी मांडी घालून बसेल, तिचा मान आणि पुढे कोणी बसायचं हा शब्दही तिचाच. बसता आलं नाही, तर महालक्ष्म्यांचे मुखवटे सासूबाईंच्या दुर्गला राहणाऱ्या धाकट्या जावेकडे, कमलाबाईंकडे जायचे. सोनिया छत्तीसगढी घरची. सणाचा सगळा स्वयंपाक तिचा, पण मुखवट्यांना तिचा हात कमलाबाई लागू देत नसत. सासूबाई त्यावर कधी एक शब्द बोलल्या नव्हत्या. आणि त्यांचाच मान टिकावा म्हणून ती हे लुगडं ओढत होती.

सणाच्या दिवशी कमलाबाई मुखवट्यांसाठी टोपली घेऊनच आल्या.

"राजधानी नवी झाली, वहिनी, रीत जुनीच आहे. खुर्चीवरून पूजा होत नसते."

गोदावरीबाईंनी भिंत धरली. गुडघा थोडा वाकला आणि अडला. ओठावर घाम आला. कमलाबाईंनी टोपलीवरचं फडकं काढलं.

"साँस छोड़िए," सोनिया नकळत पुटपुटली.

गोदावरीबाईंनी श्वास सोडला. गुडघा दुमडला. मांडी बसली.

दोन्ही मुखवट्यांना कुंकू लावून होताच त्यांनी सोनियापुढे हात केला. "उठव मले." उठल्या, आणि पाटाकडे बोट दाखवलं. "बस आता तू."

"हे काय करून राहिल्या, वहिनी?"

"मले बसता आलं नसतं कमला, तर हिले बसवताही आलं नसतं."

कमलाबाई रिकामी टोपली घेऊन दुर्गला परतल्या; पुढे दर वर्षी जेवायला मात्र आल्या आणि सोनियाच्या हातच्या आंबिलीला नावं ठेवत दोनदा मागून घेत राहिल्या. मुखवटे सोनियाकडेच आहेत. गोदावरीबाईंचा गुडघा शेवटपर्यंत छान दुमडत होता. त्या पाटावर मात्र त्या पुन्हा कधी बसल्या नाहीत.