अरुणाचा आवडता सिनेमा

"ओळखा, काय आणलंय!" असं म्हणत सतीशरावांनी पिशवीतून डीव्हीडी काढली आणि अरुणानं कव्हरावरूनच ओळखलं. तोच सिनेमा. काळा-पांढरा, तीन तासांचा, आणि त्यातले अडीच तास खोकत-खोकत सोसणारी ती नायिका.

"तनिषाला फोन करून विचारलं," सतीशराव खुशीत सांगत होते. "म्हटलं, तुझ्या आईचा सगळ्यात आवडता सिनेमा कोणता? पोरीनं क्षणात नाव सांगितलं. मग पुतण्याकडून नागपूरहून मागवली. तीन आठवडे लागले यायला." आता प्लेअर तरी कुणाकडे असतो? तोही ते बर्मिंगहॅमहून वॉटफर्डला अरुणाच्या घरापर्यंत ट्रेनमध्ये मांडीवर घेऊन आले होते. वायरीसकट.

तनिषाचं तरी काय चुकलं? लहानपणापासून तिनं हेच पाहिलं होतं. रविवार दुपार, सोफ्यावर आईबाबा, समोर हा सिनेमा आणि आई पदरानं डोळे टिपतेय. तिला काय ठाऊक, की सिनेमा बाबांचा आवडता होता आणि आईच्या डोळ्यांत पाणी यायचं ते जांभया दाबून दाबून! "हाच लावू ना?" असं अवधूत विचारायचे आणि अरुणा म्हणायची, "चालेल." पडद्यांचा रंग, सुट्टीचं गाव, पोरीचं नाव, सगळ्याला चालेल. एकतीस वर्षं चालवून घेतलं बाईनं. अवधूत वाईट नव्हते हो, पण मनाविरुद्ध काही झालं की दोन दिवस अबोला धरायचे. त्या दोन दिवसांपेक्षा तीन तास परवडायचे.

त्यांना जाऊन सहा वर्षं झाली होती. सतीशरावही एकटेच. मराठी मंडळाच्या गणपतीत दोघांनी शेजारी उभं राहून तीनशे पुऱ्या तळल्या, तिथून ओळख वाढली. जूनपर्यंत 'अरुणाताई'मधली ताई गळून पडली. आणि गेल्या शनिवारी त्यांनी सरळच विचारलं, "लग्न करू या का आपण? घाई नाही. पुढच्या शनिवारी सिनेमा बघायला येतो, तेव्हा सांगा."

आठवडाभर बाईंच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. माणूस लाखात एक, त्यांची भीती नव्हतीच. भीती होती ती स्वतःची. आपण परत 'चालेल' म्हणणार, आणि परत आयुष्यभर म्हणत राहणार, याची.

सतीशरावांनी वायरी जोडल्या, खिडकीचा पडदा सरकवला. पाट्या सुरू झाल्या. अरुणानं सवयीनं उशी मांडीवर घेतली, चेहऱ्यावर कौतुक आणलं. बिचाऱ्यांनी एवढी धडपड केली, त्यांचं मन कसं मोडायचं? तेवढ्यात नायिकेनं पहिला खोकला काढला. आणि अरुणाला एकदम पुढची वीस वर्षं डोळ्यांसमोर दिसली.

"सतीशराव, बंद करा," ती म्हणाली. "मला हा सिनेमा आवडत नाही. कधीच आवडला नव्हता."

सतीशरावांनी सिनेमा थांबवला. संपलं, अरुणाला वाटलं, आता हे प्लेअर गुंडाळणार आणि पाचची गाडी पकडणार.

"कधीच नाही?" त्यांनी विचारलं.

"कधीच नाही."

"अहो, मग मी ह्या आठवड्यात दोनदा कशाला पाहिला? तुमच्याशी बोलायला चार वाक्यं हवीत म्हणून बसलो होतो हो! कधी एकदाची जाते ही खोकणारी बाई, असं झालं होतं मला!" आणि सतीशराव पोट धरून हसायला लागले. हसता हसता त्यांचा चष्मा खाली पडला. "बरं, मग तुम्हाला आवडतं तरी काय?"

त्रेसष्ट वर्षांत अरुणाला हे कुणी विचारलंच नव्हतं. "मला ठाऊक नाही," ती म्हणाली, आणि मेलं रडूच आलं.

"मग शोधू की! जुन्या सिनेमांना काय तोटा? नाही आवडला की बंद."

टीव्हीवर दुसरा लावला. नायक साडी नेसून बायकांच्या होस्टेलात शिरला. दहा मिनिटांत अरुणा म्हणाली, "बंद करा." जरा दबकत म्हणाली. सतीशराव हसले, बंद केला. तिसरा रहस्यपट. दुसऱ्या गाण्याला ती ठणकावून म्हणाली, "बंद करा! खून त्या डॉक्टरनं केलाय." सतीशराव इतके हसले की त्यांना ठसका लागला.

चहा झाला, भडंग झालं, बाहेर अंधारून आलं. चौथा शोधत होते, तेवढ्यात एडिनबराहून तनिषाचा फोन आला. अरुणानं तो स्पीकरवर टाकला.

"आई, मूव्ही झाली? रडली का तू?"

"एकही पुरा पाहिला नाही गं. तिन्ही बंद करायला लावले मी."

"तीन? ओह गॉड, आई! काकांनी एवढा एफर्ट घेतला! तुझी फेव्हरिट मूव्ही होती ना ती?" मग तिचा आवाज खाली आला. "मग... ते लग्नाचं पण कॅन्सल?"

अरुणानं सतीशरावांकडे पाहिलं. ते रिमोट हातात धरून श्वास रोखून बसले होते.

"अगं वेडे," ती म्हणाली, "ह्या माणसाला मी एका दुपारी तीनदा नाही म्हटलं आणि तिन्ही वेळा हा हसला. आता ह्याला हो म्हणायचं नाही, तर कुणाला म्हणायचं?"