नकाशाखालची चिंच

"ही चौकट काढून टाकलीस तर पुढचा गेम तुझा तूच कर," इरफान म्हणाला.

जुन्या धाटणीचा, ठोकळ्यांच्या चित्रांचा व्हिडिओ गेम तो आणि वृंदा मिळून करत होते. चित्रं त्याची होती. पडद्याभोवती त्याने नक्षीची चौकट काढली होती आणि तीत जीव, नाणी, नकाशा, बाण असं सगळं बसवलं होतं. खेळून पाहणारे गोंधळून लगेच उठून जात. आठवडाभर ती चौकट इकडेतिकडे हलवून वृंदा कातावली होती. तिने ती पुसलीच. कोपऱ्यात जिवांचे तेवढे ठिपके ठेवले.

इरफान उठला, दारापर्यंत जाऊन परत आला. त्याची आई जेवायला बोलवायला आली, तेव्हा वृंदाने तिच्याच हाती कंट्रोलर दिला.

आईने खेळातल्या माणसाला थोडं चालवलं आणि ती थांबली.

"कळत नाही का, चाची?" वृंदाने धास्तावून विचारलं.

"कळतंय की. ही चिंच आपल्या दारातली न्हवं?"

इरफान बघत राहिला. ते झाड त्याने सगळ्यात आधी काढलं होतं. मग त्यावर चौकटीतला नकाशा आला.

"जुनी चौकट ठेवलीयस कुठं?" त्याने विचारलं.

"आहे जपून."

"टाकून दे."