व्हॅनचं चकचकीत दार

नवऱ्यानं व्हॅन घेतली आणि माझ्या घरात सवत आली.

टाकी अर्धी झाली की लगेच डिझेल. "उपाशीपोटी पळवू नये तिला," म्हणतो. मी जेवले का, हे मात्र कधी विचारलेलं आठवत नाही. चढावर ॲक्सिलरेटर इतका अलगद दाबतो, की जणू तिला दुखेल. शेजारी बसून मी जरा बोलले की, "गप बस, इंजिन ऐकू दे."

घरी आला की आधी अंघोळ तिची. मग मऊ ओलं फडकं, मग पॉलिश, गोल गोल. कोरडं फडकं मला लावूच देत नाही. चरे पडतात म्हणे.

परवा मी चहा घेऊन त्याच्या मागे उभी राहिले. दार आरशासारखं चमकत होतं. त्यात तो दिसत होता, दोरीवरचे कपडे दिसत होते, चहाची वाफसुद्धा दिसत होती. मी नव्हते.

मी हात हलवला. दारात नुसता कप हलला.

काल तो आत जेवत असताना माझं डोकंच फिरलं. जिथं माझा चेहरा दिसायला हवा होता, नेमकी तिथं मी किल्ली ओढली.

आज सकाळी दारावर ओरखड्याचा मागमूस नव्हता. आणि त्यात मी दिसत होते, अगदी स्पष्ट.

नवरा माझ्याकडे बघतच राहिला. मग फडकं भिजवून आणलं, माझी हनुवटी वर केली आणि गालावरच्या ओरखड्यावरून हळूच बोट फिरवलं. इतक्या मायेनं त्यानं मला कधी हात लावला नव्हता.

"घाबरू नकोस," तो म्हणाला. "नुसता रंग गेलाय. पत्र्यापर्यंत गेलेलं नाही."