योलेदाच्या बाहुल्या

मी थोरली, पण पाळी आधी आली धाकट्या बहिणीला, योलेदाला. दोन वर्षं आजी मला तयार करत होती. रक्त दिसलं तर घाबरायचं नाही, मावशीला सांगायचं, मग आत बसायचं. शेजारच्या झोपायच्या झोळीत पडून ते सगळं योलेदाने ऐकलं होतं, म्हणून तर ती जराही रडली नाही. माझ्यासाठी विणलेली नवी झोळी तिच्यासाठी टांगली गेली.

आमच्या ग्वाहिराच्या वाळवंटी मुलखात पहिली पाळी आली की मुलगी अशी महिनोन्महिने आत बसते. तीन महिने मावशी तिला आत विणकाम शिकवत होती आणि मी तिच्या अंघोळीचं पाणी वाहत होते.

ती बाहेर आली तेव्हा केस रिवाजाप्रमाणे आखूड कापलेले, अंगात लाल पायघोळ झगा. बायकांनी सरकून तिला मधोमध जागा दिली. मग मावशीने तिच्या मातीच्या बाहुल्या आणून माझ्या मांडीवर ठेवल्या.

"नेल्सी, ती आता बाई झाली. तिला खेळून चालायचं नाही. आता तूच खेळ."

सगळ्या हसल्या. माझं डोकंच फिरलं. बाहुल्या विहिरीत टाकायला निघाले, तर योलेदा घागर घेऊन मागोमाग आली.

"नको ना टाकूस," ती हळूच म्हणाली. "तू कुठे खेळशील ते सांग. पाणी भरायच्या निमित्ताने मी येत जाईन."

मी विहिरीची वाट सोडली.

"शेळ्यांच्या कुंपणामागे ये," मी म्हटलं. "पण आई मीच होणार."