पिसं फुटल्यावर

व्हर्जिलची सतरा वर्षांची मुलगी कोरीन गेल्या आठवड्यात घर सोडून गेली, तेव्हापासून तो दिसेल त्याच्यावर खेकसत होता. ब्लूबर्ड पक्ष्यांनी घरटं करावं म्हणून गावभर लावलेल्या त्याच्या लाकडी पेट्यांपैकी एक माझ्या कुंपणावर आहे. जागा माझी, पक्षी मात्र त्याचे. काल मी त्या पेटीचं दार उघडायला गेलो, तर हा शेजारच्या अंगणातून धावतच आला.

"हात काढ, गाढवा! किती वेळा सांगितलं तुला? अंडी असताना टकटक करून खुशाल उघड. पण एकदा पिल्लांना पिसं फुटली की हात लावायचा नाही! भेदरून बाहेर उड्या टाकतात ती. पंखांत बळ नसतं, मग मांजराचं फावतं."

"अरे, नुसतं बघत होतो."

"सगळे नुसतं बघायलाच उघडतात!"

त्याची बायको नडीन त्यांच्या पायरीवर शेंगा मोडत बसली होती. तिने हातातली शेंग टोपलीत आपटली.

"आणि कोरीनच्या खोलीचं कुलूप तोडलंस, व्हर्जिल, तेव्हा तू काय बघत होतास?"